निर्धूर चूल आणि आईचं उत्तर

आई, तुझ्यावर एक अख्खं प्रकरण लिहून बसले आहे आणि ते विद्यापीठात पाठवावं की नाही, ठरत नाही. निवृत्तीनंतर मी आंतरराष्ट्रीय विकास या विषयात एम.ए.ला नाव घातलं. शेवटी स्वतंत्र प्रबंध असतो; विषय आपणच निवडायचा, हिंडायचं आपणच. मी निवडल्या परदेशी मदतीतून सेवाग्रामच्या आसपास बसवलेल्या निर्धूर चुली, ज्या बायकांनी वापरल्याच नाहीत. माझा मार्गदर्शक माझ्या मुलाहून लहान. स्क्रीनवरून सांगतो, "मॅडम, 'महिलांमध्ये जागृतीचा अभाव' लिहून टाका, सगळे तेच लिहितात." मी म्हटलं, "डोळे त्या बायकांचे चुरचुरायचे, आणि जागृती तुला?"

तुझ्या स्वयंपाकघरात बसवलेली तशीच चूल बघायला ते गोरे पाहुणे आले तेव्हा मी कॉन्व्हेंटच्या गणवेशात, दुभाषी. चूल कशी आहे, त्यांनी विचारलं. तू पदर सावरलास. "लय चांगली आहे म्हण त्याईले." मी तसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. जीप वळते न वळते तोच तू परसातल्या जुन्या चुलीपाशी बसलेली. खोटं का बोललीस विचारलं, तर माझ्यावरच उखडलीस. "घरी आलेल्याच्या तोंडावर नावं ठेवतेत काय वं? अन् भाकर कुठी शेकू? त्या नव्या चुलीच्या तोंडाशी निखारे राह्यते काय?"

परवा एका गावात बाईनं मला घरातली एकुलती खुर्ची दिली, चहा दिला. नव्या योजनेतली चूल कशी आहे? "लय मस्त आहे जी मॅडम." मान तुझ्यासारखीच जराशी कलती, आवाजही तोच. तिच्या मागे परसातून धूर येतोय. मी रेकॉर्डर बंद केला. पाहुणी आता मी होते. तेव्हापासून कुठल्याही घरात शिरले की तूच उत्तरं देतेस.

मी लिहिलं, या बायका अडाणी नव्हत्या, त्या पाहुणचार करत होत्या. मार्गदर्शक म्हणतो, आईचा हवाला चालत नाही. का चालत नाही? त्याच्याशी मी भांडेन. अडलंय वेगळंच. तू होतीस तोवर नोकरीमुळे मी बाहेरगावी, वर्षातून एकदा यायची. तू लगबगीनं खुर्ची पुसायचीस, नव्या कपात चहा द्यायचीस. चुलीच्या धुरानं धरलेली छाती कशी आहे, मी विचारायची. "लय चांगली आहे," तू म्हणायचीस, आणि मी निवांत परत जायची. ते तू लेकीला सांगत होतीस की आलेल्या बाईला?

मार्गदर्शकाला सांगणार नाही, तुला सांगते. माझं हे प्रकरण साफ चुकीचं निघावं, असं मला वाटतं.