लुगड्याचा काठ

सोलापूर, मार्गशीर्ष अमावस्या, शके १८५३

डोकं अजून तापलेलंच आहे. वेळ अमावस्येचं शेत पुजायला आणि तिथंच जेवायला सगळं घर बैलगाडीने गेलं. ज्वारी पुरुषभर उंच, आणि आमचा बाळू नुकता चालायला लागलेला. चालायला कसला, पळायलाच! म्हणून जुन्या लुगड्याचा काठ फाडून मी त्याच्या कमरेला बांधला आणि दुसरं टोक बैल सोडलेल्या गाडीच्या चाकाला. काय चुकलं माझं?

सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "लेकरू हाय का वासरू? सोड आदी त्याला. आमी हाय की बघायला!"

सोडला. मी भज्जी-भाकरी वाढायला लागले, हे पिकावर आंबील शिंपडायला गेले. आणि बघणारे? ते जेवत होते. मान वर करते तर बाळू नाही! हाका मारून मारून घसा बसला माझा. सापडला तेव्हा पार बांधापाशी बसून मजेत ढेकूळ चघळत होता.

वर हे मलाच म्हणतात, "आई ना तू? लक्ष कुठं होतं तुझं?" माझं! दोन्ही हातांत भाकऱ्या होत्या माझ्या.

परतताना गाडीत रागाने डोळे मिटले, तर डुलकीच लागली. जागी होऊन बघते, तर बाळूच्या कमरेला तोच काठ आणि दुसरं टोक सासूबाईंच्या मनगटाला. त्या खुशाल बाहेर बघत होत्या.

घरी आल्यावर ती गाठ सुटता सुटेना. माझी निदान सैल होती.