पट्टीवरचं गालबोट

सोमवार, १५ नोव्हेंबर १९९९

आजपासून पुन्हा नोकरी! निवृत्तीनंतर कपाटात पडलेला पांढरा सदरा काढला, इस्त्री केला, खिशाला पेन लावलं आणि शाळेच्या पहिल्या दिवशी पोरं निघतात तसा निघालो.

'गोदातीर केबल'चं ऑफिस पंचवटीत, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत, भांड्यांच्या दुकानावर आहे. जिना असा, की समोरून कुणी उतरत असेल तर एकाने श्वास आत घ्यावा. वर मात्र थंडगार खोली, काचेचा पडदा, यंत्रांवर लुकलुकणारे लाल-हिरवे दिवे. मला तर दिवाळी अजून संपलीच नाही असं वाटलं.

मालक गोरक्षशेठ. जाडजूड, बोटांत अंगठ्या, बोलणं एकदम मोकळं. त्यांनी चहा मागवला आणि चॅनलचा सगळा इतिहास सांगितला. ब्याण्णव साली गच्चीवर एक छत्री, खाली एक व्हीसीआर आणि थोरला भाऊ सहादू, एवढंच भांडवल. पहिलं थेट प्रक्षेपण रंगपंचमीच्या रहाडीचं, रंगाने भरलेल्या त्या जुन्या हौदाचं. कुणी तरी कॅमेरावाल्यालाच रहाडीत ढकललं आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या पंचवटीने टीव्ही गुलाबी पाहिला. लोकांना वाटलं, शेठने कलर सुधारला! हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आता सकाळी रामकुंडावरची आरती, दुपारी सिनेमा, संध्याकाळी सटाण्याचे कांद्याचे भाव, मग गावातल्या बातम्या. आणि दिवसभर पडद्याच्या तळाशी सरकणारी शुभेच्छांची पट्टी, मागे सनईची कॅसेट.

माझं काम बातम्यांची भाषा तपासायची. शिवाय दर शनिवारी मुलांचा कार्यक्रम करायचा. नाव मीच सुचवलं, 'कवितेची घंटा'. शाळेत शेवटच्या तासाला खिडकीतून ऊन उतरायचं आणि अख्खा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा, तो सूर मला पुन्हा ऐकायचा आहे. बारा डिसेंबरला माझ्या नातीचा, तृप्तीचा, आठवा वाढदिवस. ती देवळाली कॅम्पात असते, जावई तोफखान्यात हवालदार आहे. त्या दिवशी ती पडद्यावर कविता म्हणेल आणि खालून तिचं नाव सरकत जाईल. म्हातारपणी माणसाला आणखी काय पाहिजे?

बुधवार, १७ नोव्हेंबर

संताप झाला. आज ती पट्टी नीट पाहिली. 'दिपक भाऊंना वाढदीवसाच्या हार्दीक शुभेच्छा'. एका ओळीत तीन खून! पुढे 'क्रुष्णाबाई', 'रुषीकेश', 'सुनिल'. एक नाव धड नाही. मिशनरी, सरकारी, झेडपी, सगळ्या शाळा पालथ्या घातल्या तरी एवढी अशुद्धं एका जागी सापडायची नाहीत.

पट्टी टाइप करणारी संजना म्हणून मुलगी आहे. बी.ए. झालेली, तीही मराठी घेऊन! तिला विचारलं तर खाली मान घालून म्हणते, सर, येतं मला, पण शेठचा नियम आहे, माणसाचं नाव बरोबर घालायचं नाही. मला वाटलं, थट्टा करतेय. तिला समोर बसवून ऋकार कुठल्या बटणाने उमटतो ते शोधायला लावलं. उमटला तेव्हा पोरीचा चेहरा उजळला, पण लगेच तिने दाराकडे पाहिलं.

शुक्रवार, १९ नोव्हेंबर

शेठ आज सटाण्याला गेले होते. मी स्वतः पट्टीला बसलो. पेठ रोडच्या रिक्षा स्टँडवरच्या दीपकचा आज वाढदिवस, त्याच्या पोरांनी मोठी जाहिरात दिली होती. 'दीपक'. पहिली दीर्घ, 'हार्दिक'मधली ऱ्हस्व. किती सुंदर दिसलं!

एक गंमत झाली. सनईच्या खाली कुणी तरी पट्टी वाचत होतं. दुसरीतलं कच्चं पोर ओळीखाली बोट धरून वाचतं तसं. इतर नावांवर आवाज ठेचकाळायचा, 'सु... सुनि...', मग सोडून द्यायचा. 'दीपक' मात्र स्वच्छ वाचला. मी संजनाला म्हटलं, शेजारच्या घरातलं पोर हुशार आहे. तिने आवाजाचं बटण खाली केलं. मला काही ऐकू आलं नाही, म्हणाली.

सोमवार, २२ नोव्हेंबर

दीपक गेला, शुक्रवारीच, वाढदिवसाच्या रात्री. केक कापला, पहिला घास पोरांनी भरवला आणि तो खुर्चीतच बसून राहिला. धडधाकट तिशीचा माणूस.

शेठ जिन्यातूनच ओरडत आले. कोणी घातलं नाव? मी म्हटलं, मी घातलं, आणि बरोबर घातलं. त्यांनी संजनाला बाहेर पाठवलं आणि माझ्यावर तुटून पडले. ऱ्हस्वदीर्घ मास्तर, तुमच्या वेलांटीने माणूस खाल्ला, असं म्हणाले मला!

मग जे सांगितलं ते असं. थोरला सहादू पाट्या रंगवायचा, त्याचं शुद्धलेखन पक्कं. पहिल्या वर्षी पट्टीतली नावं तोच टाइप करायचा आणि ज्याचं नाव जाईल तो जायचा. कुणाला उमगेना. शेवटी सहादूने आपल्याच वाढदिवसाला आपलं नाव घातलं. त्यानंतर गोरक्ष स्वतः टाइप करायला बसले. शिक्षण चौथी, सगळी नावं चुकली आणि सगळी माणसं जगली. आईने तेव्हा त्यांना सांगितलं, बाळाला गालबोट लावतात ना, पोरं जगत नसली की पुढच्याचं नाव दगडू, भिका ठेवतात ना, तसंच हे. काही तरी पट्टी वाचतं. त्याला नीट वाचता येत नाही, अडखळलं की सोडून देतं. अडखळू द्या त्याला.

मी म्हटलं, अडाणीपणाला एवढं सुरेख कारण मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. रागाने घरी आलो. जेवलोही नाही.

शुक्रवार, २६ नोव्हेंबर

पट्टीला हात लावायला मला बंदी. लावला नाही. चुका वाचत बसायची शिक्षा मात्र रोज.

दुपारी सिनेमा चालू होता, संजना डबा खायला गेलेली. पुन्हा तो आवाज. आज जवळून, स्पीकरच्या जाळीतून. पट्टीवर 'रुतूजा' होतं, मखमलाबादची कुणी कॉलेजातली मुलगी. आवाज 'रु... रुतू...' करत अडला. पुन्हा सुरुवातीपासून. पुन्हा अडला. इतका केविलवाणा! जन्मभर ज्याने कच्च्या पोरांना शब्द पुरवले त्याची जीभ कशी गप्प बसेल? मी म्हटलं, ऋतुजा, बाळ. ऋषीचा ऋ. 'तु' ऱ्हस्व.

आणि त्याने म्हटलं. मी काय ऐकलं ते लिहितो. आपण सगळे 'रु' म्हणतो, हिंदीवाले 'रि' म्हणतात. खरा ऋ कसा होता ते कुणालाच माहीत नाही, मी पोरांना सांगायचो, तो उच्चार हरवला. आज तो ऐकला. रुही नाही, रिही नाही. जिभेच्या मुळाशी काही तरी ओलं हललं आणि स्वर झाला. अंगावर काटा आला, डोळे भरले. मग तासभर मी एकेक नाव दुरुस्त करून सांगत गेलो. ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे, सगळं. असा विद्यार्थी मला कधी मिळाला नव्हता.

बुधवार, १ डिसेंबर

मखमलाबादची मुलगी शुक्रवारी संध्याकाळीच गेली. आज कळलं. तिची आई ऑफिसात आली होती. श्रद्धांजलीसाठी फोटो घेऊन. पोरगी आरशासमोर वेणी घालत होती. कुणी तरी हाक मारली, असं म्हणाली, आणि ओ दिली.

शेठ माझ्याकडे बघत होते. मी ओरडलो, नाव चुकीचंच होतं! तुमच्या नियमाप्रमाणे चुकीचं होतं! ते म्हणाले, हो, म्हणूनच विचारतो मास्तर, कोणी दुरुस्त केलं?

शनिवार, ४ डिसेंबर

तो आता कुठेच अडखळत नाही. 'क्रुष्णाबाई' लिहिलेलं असतं, कृष्णाबाई वाचतो. 'सुनिल' लिहिलेलं असतं, सुनील वाचतो. सनईच्या खाली, घोटून पाठ केल्यासारखं. आणि माणसं—

शेठला म्हटलं, पट्टी बंद करा. ते म्हणाले, पट्टी बंद म्हणजे चॅनल बंद, उद्या समोरची पार्टी माझ्या वायरीवर बसेल. मी प्लग उपटला. त्यांनी माझी बखोट धरली. भाजीबाजार वर बघत होता आणि हा माणूस मला जिन्यातून ढकलत म्हणत होता, सहा वर्षं मी त्याला अडाणी ठेवला होता, तुम्ही एका तासात पास केलात!

कविता, घंटा, सगळं खड्ड्यात गेलं. नोकरी गेली त्याचं काही नाही. बारा तारीख आठ दिवसांवर आहे.

मंगळवार, ७ डिसेंबर

लेकीला, सरिताला, फोन केला. पोरीचं नाव टीव्हीवर देऊ नको म्हटलं. ती हसली. दादा, तुम्हीच तर महिनाभर डोकं खाल्लंत, असं म्हणाली. ह्यांनी कालच कॅम्पातल्या केबलवाल्याकडे फोटो दिला. मी ओरडलो. माझी मुलगी आहे, तीही ओरडली. म्हणाली, नातीच्या आनंदाला दृष्ट लावू नका. मी लावतो दृष्ट!

संजना चोरून भेटली. माझ्या मशिनमधून नाव पुसते, म्हणाली. पण आपल्याच चॅनलची कॅम्पातली पट्टी तिथला एजंट घालतो.

शनिवार, ११ डिसेंबर

देवळालीला आलो. एजंटाला भेटलो, हात जोडले. शिव्याही दिल्या. त्याला वाटलं मी घेतलेली आहे. म्हणाला, बाबा, फौजी माणसाची ऑर्डर आहे, कॅन्सल करायची तर त्यांना पाठवा. जावई फायरिंग रेंजवर. सोमवारी येणार.

पोर गळ्यात पडली. उद्या म्हणायची कविता म्हणून दाखवली. एक अक्षर चुकली नाही. मीच शिकवलीय ती.

रविवार, १२ डिसेंबर
सकाळ

टीव्हीची वायर ओढून तोडली. सरिता रडतेय, आता माझ्याशी बोलत नाही. शेजारणी ओवाळायला आल्या होत्या, त्या दारातूनच परत गेल्या. जाऊ देत. पोरीला बाहेर सोडत नाही. शेजारच्या टीव्हीचा आवाज भिंतीतून येतो. सनई. आता रोजनिशीतही तिचं नाव लिहिणार नाही.

दुपार

आलं. शेजारची बाई खिडकीतून सांगत होती, आली हो तुमच्या पोरीची पट्टी, 'त्रुपती' लिहिलंय मेल्यांनी. देवा, त्या एजंटाचं अडाणीपण अमर राहो— पण त्याचा उपयोग काय, मी त्याला—

ऐकू येतंय. टीव्ही बंद आहे, वायर तुटलेली आहे. खिडकीतून आत येणारी ती काळी केबल, तिच्या तुटक्या टोकातून.

त... त्रु...

अडखळला! हे नाव त्या दिवशी पट्टीवर नव्हतं. हे मी त्याला शिकवलेलं नाही.

नंतर

मी त्याच्याशी बोलतोय. मोठ्याने. चुकीचं शिकवतोय. त्रुपती म्हण. शाब्बास. तिरपती म्हण. ऱ्हस्व तेच दीर्घ. ऋ असा काही स्वरच नाही, बाळ, मी तेव्हा खोटं सांगितलं. सरिता दारात उभी राहून बघतेय, बापाचं डोकं फिरलं म्हणून. फिरू दे. जन्मभर जे जपलं ते सगळं माझ्या हाताने चिखलात— आणि तो ऐकतोय. गोंधळलाय. आज्ञाधारक आहे मेला. 'ती... तिर...' पुन्हा सुरुवातीपासून. पुन्हा अडला.

अडव. अजून थोडं. दिवस मावळला की पट्टी बदलते.

तिन्हीसांज

आवाज बारीक झालाय. सोडून देईल. सोडतोय.

पोर माझ्या मांडीवर आहे. तिलाही ऐकू येतं. मला माहीत नव्हतं. विचारते, आजोबा, कोण वाचतंय? किती चुकतंय बिचारं. मी म्हटलं, चुकू दे. ती म्हणाली, तुम्हीपण चुकीचं सांगताय, मला येतं माझं नाव, मी सांगू त्याला? मी म्हटलं नाही— ती हसतेय, माझी थट्टा करतेय, तिला खेळ वाटतोय, मी डाव्या हाताने तिचं तोंड— बोटांमधून सांगतेय त्याला— अगं नको— 'तो त तसा नाही, त्याला ऋ—'