सवी आणि अठरा प्लस

जुईनगर, शुक्रवार संध्याकाळ

चार दिवस लिहायचं टाळलं, कारण लिहायला बसलं की ठरवावं लागतं.

ताई ट्रेनिंगला नाशिकला गेलीय, रविवारी येईल. तोवर तिची तेरा वर्षांची सवी माझ्या ताब्यात. माझ्या, म्हणजे जी एका नोकरीत दोन महिने टिकत नाही तिच्या! टीव्हीच्या लॉकचा नंबर देताना ताई म्हणाली होती, "तुझ्यापुरता आहे. सवीला अठरा प्लस काही लावायचं नाही." आणि सवीला नेमकी तसलीच सिरीज बघायचीय. बाप मुलीला मारतो, ती पळून जाते.

"मावशी, वर्गात सगळ्यांनी बघितलीय गं. मी नुसती मान हलवते."

मान हलवणं मला माहितीय. गणिताच्या तासाला मी तेच करायचे.

दुपारी पहिला भाग एकटीने बघितला. मारायचा सीन आला आणि मी पाणी प्यायला उठले. आमचे बाबाही असेच उठायचे. टीव्हीवर नको ते आलं की त्यांना तहान लागायची. मग मी असलं सगळं मैत्रिणीच्या मोबाईलवर बघितलं आणि आठवडाभर दिवा लावून झोपले. विचारणार कुणाला?

सवी निदान विचारतेय. म्हणून हो म्हटलं. दोघींनी मिळून बघायचं, मध्ये थांबवत, बोलत. बाबांच्या तहानेचं सांगितलं तर म्हणते, "तू नाही हं उठायचं!"

ताईला सांगायला हवं. दोनदा फोन हातात घेतला, ठेवला. ती नाही म्हणाली तर? मुलगी तिची आहे, माझी नाही.

बेल वाजली. ताई! दोन दिवस आधीच! चपला काढायच्या आत सवी दारातच ओरडतेय, "आई, मावशी हो म्हणाली!"