ठशाचं काय ते बघ

४ मार्च

प्रिय ढब्बू,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. म्हणजे गुडघे आहेत तसेच आहेत, आणि वरच्या मजल्यावरची बाई अजून सकाळी सकाळी फरशीवर खुर्च्या ओढते. तुझा खोकला गेला का? औषधाची बाटली नुसती कपाटात ठेवून तो जात नसतो.

तेराव्याला तुम्ही सगळे येऊन परत गेलात, त्याला आता वर्ष होईल. लोक म्हणतात, ताई सावरली. सावरली कसली डोंबल! परवा बाब्याचा टॉवेल धुतला, घडी करून ठेवला आणि मग दिवसभर स्वतःलाच शिव्या घातल्या. तो होता तेव्हा कधी वेळेवर धुतला नाही, आता काय घाई होती?

असो. कामाचं लिहिते. अप्पांनी मला दिलेलं चांदीचं जहाजाचं नाणं या डबीतून पाठवते आहे. नाण्यांतलं तुला कळतं, मला ती नुसती आवडतात. अप्पांचे तीन प्रश्न आठवतात ना? झीज किती, ओरखडे कुठे, आणि डोळ्यांत भरतं का. पहिले दोन भिंगातून, तिसरा भिंग खाली ठेवून. शिडाच्या टोकालासुद्धा झीज नाही, एवढं मलाही दिसतं. पण जहाजापुढच्या मोकळ्या जागेत अंगठ्याचा ठसा आलाय. आधी दिसतही नव्हता. आता काळा पडत चाललाय आणि त्याच्या रेषा एकमेकींत मिसळायला लागल्यात. कुणाचा ते विचारू नकोस. त्या ठशाचं काय ते तूच बघ. मला बघवत नाही.

तुझी
ताई

१९ मार्च

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. बाटली संपवली, खोकला गेला, आता ओरडू नकोस.

आधी गुन्हा कबूल करतो. नाणं धुवायचं नाही, हा अप्पांचा नियम. मी आजवर एकही धुतलं नव्हतं. आम्हा नाणेवाल्यांची जातच विचित्र. जुन्या चांदीवर निळी-जांभळी झाक चढली की डोक्यावर घेऊन नाचतो, आणि बोटाचा डाग दिसला की नाक मुरडतो. खरं तर दोन्ही काळवंडणंच! पण तुझं 'बघवत नाही' वाचलं आणि म्हटलं, बास. ताईने वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी मागितलंय, नियम गेला खड्ड्यात. ठसा तसा नवाच होता, चांदीत खोल उतरला नव्हता. द्रावणात बुडवलं, लगेच काढलं, भरपूर पाण्याखाली धरलं. गेला! भिंगातूनही सापडणार नाही.

आता दिव्याखाली जरा तिरकं धरून फिरव, उजेड कसा जहाजाभोवती गोल फिरतो बघ. आमच्या मंडळातल्या सराफांना दाखवलं. त्या माणसाला स्वतःचा जावईसुद्धा पसंत नाही. ते म्हणाले, "डाग असता तर मी दुसऱ्यांदा बघितलं नसतं. आता पहिल्या प्रतीचं आहे." तेव्हा अप्पांच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: भरतं!

आणि विचारू नकोस म्हणतेस म्हणजे अंगठा तुझाच, चोर! मला कडेने धरायला शिकवणारी तू. अप्पांनी उलटं टांगलं असतं तुला.

आता निवांत बघत बस.

तुझा
ढब्बू

२ एप्रिल

प्रिय ढब्बू,

नाणं पोचलं. चमकतंय. तू घेतलेले कष्ट दिसतात.

एवढंच लिहून पाकीट चिकटवलं होतं. पण पुढच्या वेळी आलास की तू ते मागशील, दिव्याखाली फिरवशील आणि हसशील. ते मला सोसणार नाही. म्हणून पाकीट फाडलं.

ठसा बाब्याचा होता.

त्या दिवशी तो गॅरेजमधून दुपारचा जेवायला आला. मी अप्पांची नाणी मांडून बसले होते. हातही न धुता त्याने जहाजाचं नाणं उचललं, अंगठा थेट जहाजापुढे. म्हणाला, "आई, यात एवढं काय बघत बसतेस गं?" मी ओरडले, "मेल्या, कडेने धर!" कुठली आई म्हणत नाही रे हा शब्द? दिवसातून दहादा म्हणायचे मी. तो हसला, नाणं ठेवलं आणि दुरुस्त केलेली गाडी चालवून बघायला गेला. पुढचं तुला माहीत आहे. दवाखान्यात तूच होतास.

ठसा वर आला तो काही महिन्यांनी. आधी वाटलं, मला भास होतोय. फोटो आहेत माझ्याकडे त्याचे, पण हा त्याचा अंगठा होता. पान्याने कापल्याची तिरकी रेघसुद्धा होती त्यात, तू भिंगातून पाहिली असशील. ती बुजत चालली होती. ती बुजू देऊ नकोस, एवढंच मला म्हणायचं होतं. पण ठसा कुणाचा हे लिहायचं तर तो शब्दही लिहावा लागला असता, आणि माझा हात चालेना. म्हणून लिहिलं, काय ते बघ. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

तुझ्यावर राग आहे माझा. दोन दिवस मनातल्या मनात तुला नाही नाही ते बोलले. अरे गाढवा, एका ओळीने विचारायचं तरी! तुझी चूक नाही हे कळतं. तरी राग आहे.

काल मी माझा अंगठा त्याच जागी ठेवून बघितला. लहान पडतो.

नाणं परत पाठवते आहे. तुझ्या संग्रहात ठेव, पहिल्या प्रतीचं आहे. धरायचं तसं धर, आता त्यात जपण्यासारखं काही नाही.

पत्रात आशीर्वाद लिहायची माझी सवय. या वेळी लिहीत नाही. माझ्या तोंडून काय जातं आणि त्याचं काय होतं, ते तू पाहिलंस. तू मला हवा आहेस.

ताई