दोन सुतांचं ड्रिल

१७ जानेवारी १९५२, गुरुवार

काल लिहिलं त्यात चूक आहे. 'दस्तगीरकडचं ड्रिल मोडलं' असं लिहिलं. मोडलं नाही. पिळलं. फडकं पिळावं तसं मधोमध पिळून वाकडं झालं आणि टोक बसून गेलं. शिवाय 'हे तिसरं' असं लिहिलं, ते दुसरं. पहिलं डिसेंबरात गेलं होतं.

ओळ खोडणार होते. पण खोडलं की पुढे वाचताना वाटतं, इथं काय लपवलं असेल? म्हणून दुरुस्ती खाली केली.

दस्तगीर लबाड आहे असं लिहिलं, ते मात्र तसंच राहू दे.

१८ जानेवारी

तात्यांच्या हातात ते ड्रिल दिलं. मोतीबिंदूमुळे त्यांना आता बारीक दिसत नाही, पण बोटांना सगळं कळतं. टोकावर अंगठा फिरवला, पिळावरून दोनदा फिरवला. म्हणाले, "कालिंदी, कडक असतं ते मोडतं. मऊ असतं ते पिळतं."

म्हणजे पोलाद नव्हेच! कसलंतरी लोखंड, वर चकाकी चढवून दिलेलं. लढाईतला उरलेला माल म्हणून विकतो तो. लढाईतला उरलेला माल कुणी पाहिलाय?

मागच्या पडवीतल्या बाकावर मी काम करायला लागून दोन वर्षं झाली. तात्या सांगतात, मी करते. शाळांसाठी तराजू, कप्प्या, उतरणीच्या फळ्या. भोक केसभर मोठं झालं तर तराजूचा काटा एका बाजूला कलतो, आणि मग वर्गातली चाळीस मुलं चुकीचं वजन वहीत लिहितात. मला ते सहन होत नाही. ड्रिलची दोन्ही पाती सारखी हवीत, कीस दोन्ही पन्हळीतून सारखा यायला हवा. एकाच बाजूनं आला की भोक वाढलंच समजायचं.

आणि आता हे आपल्या घरापुरतं राहिलेलं नाही. हायस्कुलात हस्तव्यवसायाचा वर्ग निघतोय. ड्रिलं, कानशी, करवती कुणाकडून घ्यायच्या ते समितीनं तात्यांना विचारलंय. शाहूपुरीत दुकानं दोनच — दस्तगीरचं आणि सयाजीरावांचं. तात्या ज्याचं नाव देतील त्याला काम. बैठक दोन फेब्रुवारीला.

तात्या म्हणाले, आधी मोज, मग बोल.

२० जानेवारी, रविवार

मोजलं.

काल सकाळी तात्यांचा हात धरून शाहूपुरीत गेले. दोन्ही दुकानांतून दोन सुतांचं, म्हणजे पाव इंची, एकेक नवं ड्रिल घेतलं. दोन्हीकडे काचेवर लोळवून पाहिलं — डुगडुगलं नाही. दोन्हीवरचा आकडा खोल ठोकलेला. सयाजीराव मोठ्यानं म्हणाले, "काय वो तात्या, पोरगी सोनं पारखायला आणल्यागत बघतीया!" दुकानात चार माणसं होती, हसली. मला राग आला, आणि रागाच्या भरात मी म्हणाले की दस्तगीरकडचं मऊ निघतं म्हणून बघावं लागतं. बोलायला नको होतं का? पण खोटं तर नव्हतं.

घरी येऊन पाय धुतले, दस्तगीरकडचं बंबाच्या विस्तवातून काढून राखेत निववलं, पुसून दोन्ही पेटीत ठेवली, मग भाजी निवडायला बसले. ड्रिलांना हात लावला तो आजच.

लोखंडी पट्टी एकच, तेल एकच, हात माझाच. सयाजीरावांचं: चाळीस भोकं, धार अजून शाबूत. दस्तगीरचं: दोन. तिसऱ्याला टोक बसलं, नुसतं घासत राहिलं. शिवाय सयाजीरावांचं अजून चमकतंय आणि दस्तगीरचं काळपट पडलंय. चकाकी एका दिवसात गेली!

तक्ता केला. तात्यांना वाचून दाखवला. त्यांनी मान हलवली. त्यांना वाईट वाटलं असावं. दस्तगीरचे वडील त्यांच्या करवतींना धार लावायचे.

२३ जानेवारी

समितीचं पत्र तात्यांनी सांगितलं, मी लिहिलं. 'दस्तगीर यांचा माल तपासणीत उतरला नाही.' सोबत माझा तक्ता. धोंडुबाई भांडी घासून घरी जाताना शाळेत देऊन गेली.

अक्षर चांगलं आलं होतं.

२४ जानेवारी, गुरुवार

दस्तगीरचा निरोप आला: तात्यासाहेबांनी आणि ताईंनी पाच मिनिटं यावं. मला जायचं नव्हतं. तात्या म्हणाले, ज्याच्याविरुद्ध लिहिलं त्याच्या डोळ्याला डोळा देता यायला हवा. त्यांच्या डोळ्यांचं काय सांगायचं — द्यावा मलाच लागणार!

तो चिडलेला नव्हता. त्यामुळेच माझा संशय वाढला. निर्दोष माणूस चिडतो.

खुर्ची पुसून तात्यांना बसवलं. सयाजीरावांच्या दुकानातली गोष्ट त्याच्याकडे आली होती, पत्राचीही आली होती. वर्गाचं काम मिळेल म्हणून त्यानं मुंबईहून दोन पेट्या आधीच मागवून ठेवल्यात. त्या कोपऱ्यात होत्या, दोरी न सोडलेल्या. मी तिकडे बघितलं नाही.

मग त्यानं एक नवं ड्रिल काढलं आणि कानस माझ्या हातात दिली. "तुमीच लावा, ताई. माझ्या हाताचा भरवसा न्हाय न्हवं?"

लावली. कानस घसरली. काचेवरून घसरावी तशी. पोलाद!

त्यानं ते यंत्रात बसवून पट्टीला सहा भोकं पाडून दाखवली. कीस दोन्ही पन्हळीतून, सारखा, सुरळी होऊन. एक गिऱ्हाईक उभं होतं, ते म्हणालं, मला बी असंच चमकणारं द्या. दस्तगीर म्हणाला, "पावणं, चकाकी नवरदेवाची बघावी. ती बी लग्नापुरतीच असती." माझ्या तोंडावर हसू आलं, ते मी आवरलं.

निघताना म्हणाला, "ताई, तुमचा शब्द खोटा न्हाय. तात्यासाहेबांची लेक खोटं लिहायची न्हाय. पण माझं पोलाद बी खोटं न्हाय. मग मधी काय हुतंय?"

मधी! मला लगेच कळलं काय होत असेल. दाखवायचं एक, कागदात गुंडाळायचं दुसरं. म्हणून मी तेच ड्रिल मागितलं, आणि दांड्यावर — तिथं पोलाद मऊच ठेवलेलं असतं — कानशीच्या कडेनं बारीक खाच पाडली. त्याच्यासमोर. त्यानं पाहिलं. कागदात गुंडाळताना त्याचे हात बघत राहिले.

घरी. पाय धुणं, बंब, पेटी. उद्या बघते.

२५ जानेवारी

आक्काला ताप. तात्यांची ही थोरली बहीण आजारी पडली की घर थांबतं. पडवीत गेलेच नाही.

२७ जानेवारी, रविवार

कानस चावली.

दांड्यावर खाच आहे. माझीच खाच, जरा तिरपी. तेच ड्रिल. गुरुवारी कानस घसरत होती, आज चावते. टोकाची पूड निघाली.

चार वेळा लावली. चारही वेळा चावली.

२९ जानेवारी

दोन दिवस दुसरं काही सुचत नाही. खाच तीच, मग बदललं कसं? धोंडुबाई पडवी झाडते. सयाजीरावांच्या गल्लीतच राहते. तिला विचारलं, पेटीला कुणी हात लावला का. तिनं खराटा खाली ठेवला.

"त्यातला खिळा कुठला न् सळी कुठली, ते बी मला कळत न्हाय, बाई. चोरायचंच असतं तर तुमचा तांब्या न्हेला असता की."

खरंच आहे. आणि खाच असताना चोरीचा प्रश्न येतोच कुठे? तरी विचारलं मी. आज तिनं चहा घेतला नाही. तिच्यावर घेतलेला संशयही इथं लिहून ठेवते.

मला आता सगळ्यांचाच संशय येतो. कानशीचासुद्धा.

३१ जानेवारी, गुरुवार

सकाळी तात्यांना म्हणाले, मला वाटतं दस्तगीर पोलादावर काहीतरी चढवतो, ते दोन-तीन दिवसांत उतरतं. तात्या म्हणाले, "प्रयोगात 'मला वाटतं' नको. त्याच्या पायरीपासून बाकापर्यंत काय काय केलंस, ते ओळीनं सांग."

सांगितलं. पिशवीत ठेवलं. चालत आलो, वाटेत कुठे थांबलो नाही. दारात चपला काढल्या. पाय धुतले. बंबात —

तिथं थांबले. तात्यांचं सुपारी कातरणंही थांबलं.

आक्काचा नियम. तसल्या, मुसलमानाच्या, घरातून आलेली धातूची वस्तू विस्तवातून काढल्याशिवाय आत घ्यायची नाही. आक्कानं मला अक्षरं शिकवली, त्याच वयात हेही. विस्तव, मग राख, मग फडकं. इतक्या वर्षांत 'आपण हे करतो' असं कधी मनातही आलं नाही. पाय धुतले हे तरी लक्षात राहतं.

लाल करून राखेत सावकाश निववलं की पोलाद मऊ पडतं. हे तात्यांनीच शिकवलंय मला. वाकवायची सळी मी याच बंबात मऊ करते!

तरी मोजलं. सयाजीरावांचं ड्रिल घेतलं, चाळीस भोकांचं. कानस घसरली. बंबात घातलं, राखेत निववलं, पुसलं. काळपट पडलं. कानस लावली. खरवसात सुरी जावी तशी गेली. आणखी एकावर करून बघायला हवं होतं. धीर झाला नाही.

म्हणजे तक्त्यातला प्रत्येक आकडा खरा, आणि तक्ता खोटा. पट्टी एक, तेल एक, हात एक असं मोठ्या ऐटीत लिहिलं. सयाजीरावांचं बंबात गेलं नव्हतं, हे लिहिलं नाही. कारण ते जायचंच नसतं.

तात्यांनी अडकित्ता बाजूला ठेवला. मग म्हणाले, समितीला दुसरं पत्र लिही. 'तपासणीत चूक राहिली, दस्तगीर यांचा माल उत्तम आहे.' एवढंच. मी विचारलं, चूक कसली ते? ते म्हणाले, "घरातलं चारचौघांत कशाला? आक्काचं वय बघ. दस्तगीरला काम मिळालं म्हणजे झालं."

लिहिलं. सही करायला तात्यांचा हात धरून योग्य जागी ठेवावा लागतो. आज ठेवला नाही. पत्र बाकावर आहे, वर खाचेचं ड्रिल ठेवलंय, उडू नये म्हणून.

'काहीतरी चूक होती, मग तात्यांना दया आली' — सयाजीरावांच्या दुकानातली ती चार माणसं असंच म्हणतील. आणि दस्तगीरभाई जन्मभर विचारत राहतील, मधी काय झालं.

१ फेब्रुवारी, शुक्रवार

काल लिहिलं त्यात चूक आहे. 'आक्काचा नियम' असं लिहिलं.

आज तिला विचारलं. ताप उतरलाय, उशाला टेकून बसली होती. म्हणाली, "अगं, ते पितळेच्या भांड्यांचं सांगितलं होतं, तू सात वर्षांची असताना. हत्यारांचं मी कधी बोलले? आणि भांड्यांचंही सोडून मला किती वर्षं झाली. मला वाटायचं, तुझ्या तात्यांच्या कामाचं काही असेल, म्हणून तू घालतेस."

कुणी सांगितलेलं नव्हतं. माझाच नियम.

दस्तगीरभाईंना निरोप धाडलाय, समितीच्या बैठकीला शाळेत या म्हणून. सयाजीरावांनाही. तात्या येतो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. उद्या रथसप्तमी आहे, तिळगूळ द्यायचा शेवटचा दिवस. वाटी नेणार नाही. खाचेचं ड्रिल आणि कानस नेणार, आणि 'मी' असं म्हणून सुरुवात करणार.

उद्या, शनिवार, २ फेब्रुवारी, दुपारी चार वाजता.