हुंगलेला जाम

आणि अण्णा, मी अजूनही म्हणतो, नुसतं हुंगल्याने जाम उष्टा होत नाही. पेरू म्हणा हवं तर, इथली महाराष्ट्रातली पोरं मला त्यावरून हसतात. तुम्ही मात्र त्या दिवशी नैवेद्याचं अख्खं ताट गाईला घातलंत. धारहून आत्याने पाठवलेले जाम, बसमध्ये डब्याखाली दबलेले, देवासच्या आपल्या क्वार्टरमध्ये दारापासून घमघमत होते. देवाच्या आधी माझं नाक तिथे पोचलं. तुम्ही ओरडला नाहीत. ड्यूटीचा शर्ट घालत एवढंच म्हणालात, “सगळं हुंगत फिरतोस. नाकाने पोट भरणार आहे का?” सातवीत शाळा सोडली तेव्हाही हेच.

तर ऐका. मी शारजात अत्तराच्या कारखान्यात आहे. आल्यापासून बाटल्या भरायचो. एका जागी बसवत नाही, तुम्हाला माहीतच आहे. अत्तरं जुळवणाऱ्या उस्तादांच्या मागे लागलो, मला मिश्रणाच्या टेबलावर घ्या. एका गिऱ्हाइकाला पेरूचं अत्तर हवं होतं. उस्ताद म्हणाले, करून दाखव. जमलं तर टेबल तुझं, नाही तर बाटल्या.

पहिल्यांदा नुसता गोडवा घातला, तर लहान मुलांच्या खोकल्याचं औषध झालं. पिकलेल्या पेरूच्या वासात थोडी घाणही असते, गंधकासारखी. तिच्याशिवाय तो पिकलाय असं वाटतच नाही. त्या वासाचं द्रव्य आधी खूप पातळ करायचं असतं. मी थेंब तसाच टाकला. गॅस गळाल्यासारखा भपका आला, सगळे बाहेर पळाले. आमच्यातला एक इंदूरचा, तो दारातून म्हणाला, “भिया, पेले सिलेंडर बंद कर.” उस्ताद हसले नाहीत. आता एकदाच, म्हणाले.

तिसऱ्यांदा मी घाई करत नाही. मी, अण्णा. थेंब पातळ करतो, त्यातला थेंब पुन्हा पातळ करतो. हिरव्या पानाचा वास थोडा, दुधाचा किंचित. मध्येच स्वतःचं कोपर हुंगायचं, म्हणजे नाक ताजं होतं. कागदाची पट्टी बुडवून उस्तादांना दिली. त्यांनी ती खिशात घातली आणि घरी गेले. सकाळी आले ते चहा ओतता ओतता म्हणाले, “बच्चे सारी थैलियाँ खोल के बैठ गए. अमरूद कहाँ है, अब्बा?” आणि बाटल्यांवर दुसऱ्या माणसाला बसवलं.

आज सुटी आहे, तरी टेबलावर येऊन बसलोय. खिडकीत ऊन आहे, पोटभर जेवलोय, बरं चाललंय. तुम्ही गेलात तेव्हा मला मिसरूडही फुटलं नव्हतं, आता हे पत्र कुठे टाकू? लिहून झालं की घडी करून ठेवीन. शिकलो हिंदीत, तेही थोडंच, चुका असतील. आईला पगार वाढल्याचं अजून सांगितलं नाही. फोनवर सांगायला गेलो की जेवलीस का एवढंच विचारून ठेवून देतो, आधी तुम्ही ऐकायला हवं होतं असं वाटतं. आकडा बघून ती ओळखेलच. दर महिन्याला बारा पाठवायचो, आज वीस हजार पाठवतोय.