तळ्यातली चिलापी आणि तुमची वही

बाबा, तुमची ती लाडकी विद्यार्थिनी सोमवारी देवळाच्या तळ्यावर आली होती. आता ओरोसच्या कॉलेजात शिकवते. तुम्ही शाळेत विज्ञान शिकवायचात, तेव्हा रविवारी तिला घेऊन तळ्याकाठी बसायचात आणि मी घरून तुम्हा दोघांना चहा आणून द्यायची. कपबश्या गोळा करून परत न्यायच्या त्याही मीच.

तळ्यावर माझ्याशी तुम्ही एकदाच बोललात, तेही रागावून. नैवेद्याचा भात मी माशांना घालत होते, सगळेच घालतात तसा. तुम्ही मागून मनगट धरलंत. "भात टाकू नको गो. पाणी कुसता." मी म्हटलं, पाणी कुजू नये म्हणून देवाचे मासे उपाशी ठेवायचे? "मोठी झालंस काय कळतला तुका," एवढंच बोलून तुम्ही तिच्याकडे वळलात. मी मोठी झाले, मॅट्रिक झाले, लग्न होऊन याच गावात राहिले. कळायचं तेवढं राहून गेलं.

सोमवारीही माझ्या हातात भाताचं पान होतं. "अजून घालतंस गो भात?" ती हसून म्हणाली. पुजारीकाका लगेच मधे पडले, "घालूक नको तर काय? चिलापी बघ केवढी वाढली. देवाची कृपा." तिने शांतपणे विचारलं, "आणि दुसरो मासो खंय आसा, काका?" तुमच्या वेळी मरळ होती, काचेसारखे बारीक मासे होते. आता नुसती चिलापी, बाहेरून आणून सोडलेली. घाण पाण्यात बाकीचे मरतात, ही तगते, म्हणून ती एकटीच दिसली की पाणी बिघडलं समजायचं, असं तिने सांगितलं. मग पायरीवर बसून तिने आपल्या लहान जाळ्यात धरलेली एक चिलापी उचलली, कल्ले उघडून दाखवले. बाबा, कल्ले बघूनच मासा घेणारी बाई मी. मासा हातात तडफडतोय आणि कल्ले फिके, बुळबुळीत, तीन दिवसांच्या शिळ्या माशासारखे. तिने पुढे काही सांगायची गरजच नव्हती. पण ती म्हणाली, "सरांनीच शिकवलं माका ह्या."

भक्तनिवासाचं गटार तळ्यात येतं, ते बंद करा असं ती ओरोसच्या जिल्हा कचेरीत सांगणार आहे. पूर्वी इथे कोणते मासे होते ते दाखवायला तिला, तुम्ही तळ्याकाठी बसून लिहायचात ती वही हवी होती. मी सांगितलं, वही पावसात भिजून गेली. देवळाच्या पायरीवर उभी राहून सांगितलं.

तुम्ही गेल्यापासून वही माझ्या पोथीखालीच आहे. घरी येऊन पहिल्यांदा सबंध वाचली. पानापानावर तिचं नाव, तिने काय पाहिलं, काय विचारलं. माझं नाव एकाच पानावर, कोपऱ्यात, बाजारातून आणायच्या वस्तूंमध्ये. माझ्या नावापुढे छत्री. ती निळी छत्री तुम्ही आणलीत, मला आठवते.

उद्या हे ओरोसला जातील, त्यांच्याबरोबर वही तिच्याकडे पाठवते. माझ्या नावाचं ते एक पान मात्र मी काढून घेतलंय. त्यावरच्या माशांच्या चार ओळी दुसऱ्या कागदावर उतरवून वहीत ठेवल्या. पान काढलेलं तिला कळू नये म्हणून तुमच्यासारखं अक्षर काढायला गेले. जमलं नाही, बाबा. तुमचं पान आणि हे पत्र, दोन्ही पोथीत ठेवते.